हरभऱ्यातली होडी

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत जनरेटरवरून चांगलीच खडाजंगी झाली. लाईट हल्ली पूर्वीसारखी जात नाही, थंडीत तर लिफ्ट सोडली तर फारसं काही अडतही नाही, तेव्हा टाकीतलं डिझेल काढून घ्यावं, टाकी कोरडी करावी आणि जनरेटर ताडपत्रीखाली झाकून ठेवावा, असं सेक्रेटरींच्या मनानं घेतलं होतं. मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. खाली कुणीतरी टाकीचं झाकण उघडलं आणि तो वास चार मजले चढून वर आला. मेथीची जुडी तशीच टाकली, सापडेल ती चप्पल पायात सरकवली आणि खाली जाऊन म्हणाले, "रिकामी करू नका. काठोकाठ भरा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईचा डिझेलशी काय संबंध, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे, पण जिन्याखाली उभं राहून दोन वाक्यांत सांगण्यासारखा नाही.

तो माझ्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा. बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी वाढले शहरात, सिडकोत. ज्या धरणाचं पाणी आमच्या नळाला आठवड्यातून एकदा, तेही रुसत-फुगत यायचं, त्याच धरणाच्या काठावर मला दिली. आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "पाण्याला तोटा नाही हो तिच्या सासरी!" पैठण तालुक्यात, जायकवाडीच्या फुगवट्यावर आमचं गाव. मूळ गाव पाण्याखाली गेलं तेव्हा वरच्या माळावर नवं वसवलेलं. त्या साली मात्र आईचं बोलणं खोटं पडलं, कारण धरण भरलंच नाही. आमच्याकडे ही एक गंमतच आहे. धरण आमचं, पण ते भरतं नाशिककडच्या पावसानं. आमचं आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही पाणी येतं, आणि तिकडे पाऊस झाला नाही की आमच्या सगळ्या सरी वाया जातात. एरवी होळीपर्यंत गावाच्या पायथ्याशी असणारं पाणी त्या वर्षी कार्तिकातच मागे सरकायला लागलं.

पाणी मागे जातं म्हणजे काय, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. सकाळी दात घासत ओट्यावर उभं राहिलं की काठ कालच्या जागेवर नसायचा. मधे ओला, काळा, चकाकणारा गाळ. त्याचा वास आधी नाकाला नको व्हायचा, मग त्याच्याशिवाय चैन पडेना. दोन दिवसांत त्यावर साय धरायची, चार दिवसांत भेगा पडायच्या, आणि त्या भेगांमधून शिंपले, जाळ्याचे तुकडे, एखादी कुणाची तरी चप्पल असं काय काय वर यायचं. पाय टेकण्याइतका गाळ घट्ट झाला की लोक पेरायला पाभर घेऊन उतरायचे. ही आमची गाळपेर. खत नको, पाणी नको. पाण्यानं सोडलेली जमीन हरभरा असा काढते की बघत राहावं. पौषात तो घाटे धरायला लागला. पहाटे आत्याबाई त्यावर धुतलेलं धोतर पसरून ठेवायच्या आणि उन्हं यायच्या आत, दवानं भिजलेलं ते पिळून आंब, म्हणजे हरभऱ्याचा आंबट रस, काढायच्या. पोटदुखीवर चमचाभर. आंबट इतकी की डोळे मिटायचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणतात.

मामा त्या गावचे होडीवाले. पत्र्याची लांबलचक होडी आणि तिच्यावर कधीकाळी विहिरीवर चाललेलं, हँडल मारून सुरू होणारं एका सिलेंडरचं इंजिन. ड्रम कापून वेल्डिंग केलेली टाकी. गावानं वर्गणी करून ती घेतली होती, कारण धरण झालं तेव्हा कित्येकांच्या जमिनी समोरच्या काठाला राहिल्या. सडकेनं फिरून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, होडीनं अर्धा तास. माणसं, दुधाचे कॅन, वैरणीच्या पेंढ्या, एकदा तर वऱ्हाडसुद्धा त्या होडीनं पार झालेलं. वीस-बावीस वर्षं मामांनीच ती चालवली. आणि ते होडी चालवताना वर बघत नसत. खाली काय आहे, ते त्यांच्या डोक्यात असे. इथे वेशीचा दगड, तिथे पाटलांची विहीर, पुढे चिंचेचं खोड, त्याला वळसा घालायचा. बुडालेल्या गावातून ते गल्लीबोळातून जावं तसे जायचे.

माझ्याशी मात्र ते बोलायचे नाहीत. राग नव्हता, रीत होती. मी समोर भाकरी वाढत असले तरी निरोप आत्याबाईंमार्फत यायचा. "तिला म्हनावं, कालवन झकास झालं." तीन हातांवरून आत्याबाई मला सांगायच्या, "कालवन झकास झालं म्हनतेत." मीही आत्याबाईंकडे बघून म्हणायचे, "त्यांना म्हणावं, अजून घ्या." सुरुवातीला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. नव्याचे नऊ दिवस संपले तसं हसू गेलं आणि वाईट वाटायला लागलं. नवरा, दत्ता, चितेगावच्या कंपनीत शिफ्टवर. तिथेच खोली घेऊन राहायचा आणि रविवारी यायचा. मग आठवडाभर मी बोलायचं तरी कुणाशी? बीएस्सीला केमिस्ट्रीत पहिला वर्ग मिळवलेली मी, आंब पिळायला शिकत होते.

होडी ओढायचा दिवस पौषातलाच. दोन बैलजोड्या, खाली लाकडाचे ओंडके आणि गावातली जाणती माणसं. पाणी आणखी मागे गेल्यावर होडी गाळात रुतून वाकडी होऊ नये म्हणून ती आधीच आमच्या हरभऱ्याच्या तुकड्यात, जरा उंचावर आणून टेकवली. एरवी ती चार महिने पडून राहायची, यंदा पुढच्या पाण्यापर्यंत आठ महिने. सगळे हात झटकून उभे राहिले, तेव्हा मामांचा चुलत पुतण्या भानुदास पुढे आला. तिशीतला, तोंडानं फटकळ. सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, एक सांगून ठिवतो. दर साली पयल्या पान्याला इंजन तीन-तीन दिवस लागत नाय. मागल्या साली लोकायचं दूध नासलं. येत्या पान्याला पयल्या दिवशी इंजन लागलं नाय, तर होडी मपल्याकडं. म्या चालवीन."

कुणी त्याला आडवं गेलं नाही. म्हणजे सगळ्यांनी मान्य केलं. मामा एवढंच म्हणाले, "बरं." घरी आल्यावर त्यांनी भाकरी कुस्करून ठेवली आणि खाल्ली नाही. मला भानुदासचा असा संताप आला होता की विचारू नका. ज्या माणसानं वीस वर्षं गावाला पार नेलं, त्याला चारचौघांत असं बोलायचं? होडी गेली तर या माणसाकडे काय राहील, हे मला त्या कुस्करलेल्या भाकरीकडे बघून कळलं. त्यांचं गाव पाण्याखाली होतं आणि तिथे जायचा त्यांचा रस्ता ती होडी होती.

पुढच्याच रविवारी दत्तानं एक बाटली आणली. चितेगावला पैठण रोडवर एक मेकॅनिक होता, त्यानं दिलेलं डिझेलचं औषध. गाडी, ट्रॅक्टर, होडी, काहीही बरेच महिने उभं राहणार असेल तर टाकीत घालायचं. मामांनी बाटली हातात घेतली, फिरवली, आणि मग घडलं ते माझ्या संसारातलं पहिलं मोठं नवल. ते आत्याबाईंना ओलांडून थेट मला म्हणाले, "पोरी, हे वाच बरं."

इंग्रजी बारीक अक्षर होतं. मी ऐटीत वाचलं आणि मराठीत सांगितलं. पहिलं, टाकीच्या तळाला साचलेलं पाणी सोडून द्या. दुसरं, टाकी काठोकाठ भरा आणि मापानं औषध घाला. इथपर्यंत आले आणि आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "भरा? अगं, भांडं ठिवायचं तर रिकामं करून, पुसून, उपडं घालतेत. घागर असो का रांजन. भरून ठिवलेलं नासतं!" आणि मामा दर साली तेच करत आले होते. टाकी रिकामी करायची, फडक्यानं कोरडी करायची, घरी डिझेलचे कॅन आणून ठेवायचे. वापरून झालेली वस्तू रिकामी करून ठेवावी, हे इथल्या कुठल्याही घरात शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, पाण्याच्या भांड्याचं वेगळं, डिझेलचं वेगळं. आत्याबाई म्हणाल्या, "अति शहाना त्याचा बैल रिकामा." शेवटी दत्तानं मेकॅनिकला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "भाभी सही बोलती. टाकी खाली रखे तो रातकू लोहे को पसीना छुटता. वो पानी नीचे बैठता, फिर उसमें जाला पकडता. इंजन बिचारा क्या करेगा? लबालब भरो, हवाकू जगाच नक्को."

लोखंडाला घाम सुटतो. इतक्या वर्षांच्या तीन-तीन दिवसांचं कारण त्या एका वाक्यात होतं. दिवसा ऊन, पहाटे गारठा, रिकाम्या टाकीच्या आतून ओघळणारे थेंब. दुसऱ्या सकाळी बैलगाडीत डिझेलचे कॅन दिसले. तळाचं बूच सोडलं तेव्हा आधी पाणी आलं, मग काळपट, शेवाळासारखा चिकट लगदा. मामांनी तो बोटांवर घेतला आणि कितीतरी वेळ चोळत राहिले. मग गाळणीला माझीच जुनी ओढणी लावून टाकी भरली, अगदी गळ्यापर्यंत. मी मापून औषध ओतलं. त्यांनी झाकण लावलं, वर सुतळी गुंडाळली. नव्या सुनेच्या शब्दावर माणसानं आपली आयुष्यभराची सवय मोडली होती. मला फार अभिमान वाटला आणि त्याच्याबरोबर भीतीही. आता होडी गेली असती तर ती माझ्यामुळे गेली असती.

बाटली रिकामी झाली ती मी ठेवून घेतली. दोन-तीन दिवसांनी धुवायला घेतली, तेव्हा पाठीमागची बाजू पहिल्यांदा नीट पाहिली. तिथे हेच सगळं मराठीत छापलेलं होतं. आणि मामा सातवी शिकलेले. श्रावणात गावात पोथी लावत ते. मग मला एकेक आठवायला लागलं. मागच्या श्रावणात घसा बसला म्हणून पोथी दुसऱ्याकडे दिली होती म्हणे. चहाची बशी ते आधी बोटानं चाचपायचे, मग उचलायचे. ताटातल्या मिठाकडे नेलेला हात एखाद्या वेळी भातात जायचा. मी बाटली हातात घेऊन न्हाणीच्या दाराशी उभीच राहिले.

दुपारी ते होडीपाशी बसले होते. मी डबा घेऊन गेले आणि हरभरा सोलत बसल्यासारखं करून म्हणाले, "मामा, बाटलीवर मागं मराठीतही लिहिलं होतं." लांब उथळ पाण्यात गुलाबी पायांचे रोहित पक्षी रांगेनं उभे होते. गावातलं कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही, मला मात्र त्यांचं अप्रूप होतं. मामांनी त्या दिशेला तोंड केलं. "साखरेनं डोळ्याचा पडदा गेला म्हनतो डाक्टर. आता काय व्हनार नाय म्हनतो. समोरचं पुसल्यावानी दिसतं. कडंकडंचं दिसतं जरा."

"कधीपासून?"

"मागल्या पान्यापासून."

"कुणाला माहीत आहे?"

"तुला," ते म्हणाले.

मी त्यांना वचन दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. त्या हिवाळ्याची थंडी मला आजही आठवते ती बाहेरची नाही, ती छातीतली. एका बाजूला होडीत बसणारी माणसं, त्यांची लेकरंबाळं. दुसऱ्या बाजूला हा माणूस, ज्यानं सहा महिन्यांत माझ्याशी पहिल्यांदा चार वाक्यं बोलली आणि त्यात आपलं सगळ्यात मोठं गुपित देऊन टाकलं. दत्ताला सांगावं तर तो दुसऱ्या दिवशी होडी काढून घ्यायला लावेल. न सांगावं तर पाण्यात काही झालं की पाप माझ्या माथी. सुटका एवढीच होती की होडी कोरड्यावर होती. पाणी येईपर्यंत मला मुदत होती. तोवर मी त्यांना समजावीन, तेच आपण होऊन सोडतील, अशी मनाची समजूत घालत राहिले.

आणि याच घोळात माझी स्वतःची चूक उघडी पडली. बाटली पुन्हा वाचताना तिसरी ओळ दिसली. औषध घातल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते नळीत, पंपात, नोजलपर्यंत पोचेल. आत्याबाईंशी वाद घालताना मी दोनच ओळी वाचल्या होत्या! टाकीत औषध, पण पुढे सगळीकडे जुनंच पाणी धरलेलं डिझेल. प्रयोगवहीत कृतीची पायरी गाळली की मी आज मुलांचे गुण कापते. तेव्हा माझे कुणी कापायचे? जाऊन कबूल केलं. मामा म्हणाले, "इंजनाला थंड ऱ्हायला पानी लागतं. होडी पान्यात असती तर आपलं आपन ओढलं असतं. आता पानी तिकडं, होडी हितं." मग आपल्याशीच हसले. "मंग पानीच हितं आनू."

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. इंजिनाची पाणी ओढायची नळी एका मोठ्या टबात सोडली आणि हरभऱ्याच्या सरीतून बायकांची रांग लागली. आत्याबाई, मी, आणि शेजारच्या गयाबाई, ज्या रोज दुधाचा कॅन घेऊन होडीनं पलीकडे जायच्या. आणखी चार-पाच जणी नुसत्या मजा बघायला आल्या आणि घागर घेऊन रांगेला लागल्या. भानुदासही आला. मला वाटलं, हसायला आला असेल. पण त्यानं मुकाट्यानं दोन मोठे कॅन उचलले आणि पाण्याकडे चालू लागला. मामांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, सातदा. इंजिन खोकलं, काळ्या धुराचा एक लोट हरभऱ्यावरून गेला आणि मग ते धडधडायला लागलं. कोरड्या शेतात होडी थरथरत होती, मागचा पंखा हवेतच गरगर फिरत होता, टबातलं पाणी भराभर संपत होतं, घागरीवर घागर ओतली जात होती, रोहित पक्ष्यांचा सगळा थवा आरडत उडाला. गयाबाई ओरडल्या, "अगं बया, होडी निघाली का काय हरभरा खायला!" आणि सगळ्या बायका घागरी टेकवून पोट धरून हसायला लागल्या. मामाही हसले. मी मोबाईलवर दहा मिनिटं मोजत होते. माझे हात ओले होते, पदराला डिझेल लागलं होतं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की हे माझं घर आहे.

त्या आठवड्यात माझ्या हातच्या भाकरीलाही तो वास येत होता. रविवारी दत्तानं घास तोंडात घालून विचारलं, "घरात पेट्रोल पंप टाकलाय का?" मामांनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते. त्यानंतर निरोप बंद झाले. ते सरळ बोलायचे. "पोरी, आज उन्हाची तिरीप कुठवर आली?" "पोरी, पेपरात काय हाये?" मी वाचून दाखवायचे आणि घरच्यांना वाटायचं, सुनेला सासऱ्याची केवढी माया. माया होतीच. नव्हती असं कशाला म्हणू? माझ्या वडिलांवर होता तेवढाच त्या माणसावर माझा जीव जडला होता. म्हणूनच तर बोलणं अवघड होत गेलं. दर वेळी ठरवायचं, आज विषय काढायचा, दर वेळी ते म्हणायचे, "टाकीचं झाकन बघून आलीस का?" आणि मी म्हणायचे, "आले, मामा. घट्ट आहे."

आता कळतं की आम्ही दोघंही एकमेकांना राखत होतो. माणसाचं वय झालं की घरातले त्याला हळूहळू रिकामं करायला लागतात. हे काम नको, ते नको, तुम्ही आपले बसा. वाटतं, त्यात प्रेम आहे. असतंही. पण आतून काय ओघळतं ते बाहेरून दिसत नाही. मामांच्या हातातून होडी काढून घ्यायची म्हणजे त्यांना उपडं घालून ठेवायचं, असं मला वाटायचं. आणि तरी आंधळ्या माणसाच्या हाती होडी देता येत नाही, हेही खरंच होतं.

उन्हाळा गेला. हरभरा निघाला, तुकडा उघडा पडला, होडी उन्हात तापून पांढरी दिसायला लागली. टाकीला हात लावला तर चटका बसायचा. जूनमध्ये आमच्याकडे नावाला शिंतोडे आले. मग श्रावणाच्या तोंडाशी एका दुपारी, डोक्यावर ढग नसताना, पाणी आलं. तिकडे नाशिककडे पाऊस कोसळला होता. फेस, काटक्या, फेसावर बसलेल्या मुंग्यांचे पुंजके, आणि मागून गढूळ, संथ, आवाज न करणारं पाणी. भेगा एकेक करून भरत गेल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी होडीचा तळ हलला.

मुदत संपली होती. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. होडीत बसायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं, मामा कायमचे तुटले तरी चालेल. सकाळी काठावर निम्मं गाव उभं होतं. दुधाचे कॅन, पेंढ्या, छत्र्या. भानुदास सर्वांत पुढे. मामा होडीत चढले, चाचपत टाकीचा कॉक उघडला आणि हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्या वेळी लागलं. तिसऱ्याची गरजच पडली नाही. धूरसुद्धा पांढरा, हलका. काठावर कुणीतरी टाळी वाजवली, आणि मी तोंड उघडलं.

पण त्यांनी हात वर केला. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "थांबा. बसू नका. भानुदास, हिकडं ये." भानुदास गेला. मामांनी सुकाणूचा दांडा त्याच्या हातात दिला. "चालू इंजन देतो तुला. बंद पडलं म्हनून काढून घेतलं, असं व्हायला नको व्हतं मला. तेवढ्यासाठीच टाकी भरली." मग ते काठाकडे वळले. "मला समोरचं दिसत नाय. मागल्या साली बी दिसत नव्हतं. तुमाला न सांगता नेलं मी पार. लई मोठं पाप झालं. माफी करा."

मी वाट बघत होते की आता कुणीतरी शिव्या देईल. द्यायचा त्यांना हक्क होता.

भानुदासनं मान खाली घातली. "आमाला ठावं व्हतं, काका," तो म्हणाला. "इंजनाचं निमित्त केलं मी. डोळ्याचं तुमाला तोंडावर कसं म्हनावं?"

आणि गयाबाईंनी कॅन होडीत ठेवत म्हटलं, "व्हय. मागलं सारं साल मी पुढं बसून कामून बडबडत व्हते? हे आलं, ते आलं, बाभळ आली, दगड आला. मला काय हौस आली व्हती का? तुमाला ऐकू जावं म्हनून. पन तुमी कवाच चुकला नाय, दादा."

मामा खाली बसले. लोक चढले, मीही पुढच्या फळीवर जाऊन बसले. भानुदासनं त्यांना दंडाला धरून पुढच्या फळीवर आणलं, माझ्याशेजारी. होडी निघाली. मग त्यांनी उजवा हात काठावरून खाली सोडला आणि पाण्यात धरला. बावीस वर्षं दांड्यावर असलेला हात. पाण्यात घालायला तो कधी मोकळाच नव्हता. पलीकडचा काठ येईपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही.